‘अनन्य’ शब्दाच्या आत : ज्ञानेश्वरीतून अनन्यभक्तीचा अंतरार्थ वाचायचा कसा

गीतेत ‘अनन्य’ हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. आठव्या अध्यायात ‘अनन्यचेताः’, नवव्यात ‘अनन्याश्चिन्तयन्तो माम्’ आणि ‘अनन्यभाक्’, अकराव्यात ‘भक्त्या त्वनन्यया’, बाराव्यात ‘अनन्येनैव योगेन’, तेराव्यात ‘अनन्ययोगेन’. नवा वाचक त्याचा अर्थ चटकन लावतो : एकच देव धरायचा, दुसऱ्याकडे जायचे नाही. हा अर्थ चूक नाही, पण तो उंबरठा आहे. ज्ञानेश्वर महाराज या शब्दाला धरूनच वाचकाला आत नेतात. आत गेल्यावर उमगते, की सोडायचा तो ‘अन्य’ शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यात नाही. देवासमोर वेगळेपणाने उभा राहणारा जो ‘मी’, तोच तो अन्य. पुढची सगळी पद्धत एवढी एक गोष्ट ओव्यांतून स्वतः पडताळून पाहण्यासाठी आहे.

हाताशी काय ठेवावे

सार्थ ज्ञानेश्वरीची एकच प्रत घ्या. तीत श्लोक, ओव्या आणि अर्थ एकाखाली एक छापलेले असावेत. नुसते गद्य भाषांतर घेऊ नका; ओवीतला एखादा ‘चि’ किंवा ‘मा’ अर्थ फिरवतो आणि भाषांतरात नेमका तोच विरघळलेला असतो. सोबत गीतेच्या ७०० श्लोकांची अन्वय (शब्दांची सरळ मांडणी) दिलेली एक छोटी पोथी आणि दोनशे पानी वही पुरे.

ग्रंथ शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मधला, नेवाशात सांगितलेला. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये तो प्रतिशुद्ध केला, कारण तोवर पाठभेद पुष्कळ शिरले होते. आजही प्रतीप्रतीत ओव्यांचे क्रमांक दोन-चारांनी पुढेमागे होतात. इथे दिलेला क्रमांक तुमच्या प्रतीत जुळला नाही तर ओवीच्या पहिल्या चरणावरून शोधा. तेराव्या अध्यायात आणखी एक घोटाळा होतो. काही गीता-प्रतींत अर्जुनाचा एक प्रश्न आरंभी जास्तीचा असतो, म्हणून ‘मयि चानन्ययोगेन’ हा श्लोक कुठे १० वा, तर कुठे ११ वा दिसतो.

वेळ रोज ४० मिनिटे, आणि तीही ठरलेल्या वेळी. १० मिनिटे मोठ्याने पठण, १५ मिनिटे शब्दार्थ, १० मिनिटे गप्प बसून चिंतन, ५ मिनिटे लिहिणे. ओव्या दिवसाला तीन ते पाच, त्यापुढे नाही. सात दिवसांच्या पारायणात रोज सुमारे १३०० ओव्या होतात. त्या वाचनाचे मोल वेगळे आहे. कान तयार होतो, ग्रंथाची चाल अंगात भिनते. पण अंतरार्थाला तो वेग मानवत नाही. पारायण करीत असाल तर ते चालू राहू द्या. हे वाचन त्याच्या जागी आणू नका.

पाच श्लोक, सात आठवडे

क्रम असा (आधी अध्याय, मग श्लोक) : ९.२२ दोन आठवडे, ९.२३ एक, ११.५४ एक, १३.१० एक, आणि शेवटी १८.६६ दोन आठवडे. पुष्कळ जण ‘सर्वधर्मान्परित्यज्य’पासून सुरुवात करतात, कारण तो श्लोक तोंडी असतो. तिथेच गाडे फसते. अठराव्या अध्यायातले बोलणे आधीच्या सतरा अध्यायांच्या पायावर उभे आहे. पाया न पाहता कळस धरला की ‘सगळे सोडा’ एवढेच कानात राहते.

ओवी कशी वाचायची

ओवीला चार चरण. पहिल्या तिघांना यमक, चौथा आखूड. वाचताना तिसऱ्या चरणाअखेर किंचित थांबा. अर्थाची गाठ बहुधा चौथ्यात बसलेली असते आणि घाईत तोच गिळला जातो.

काही शब्द पहिल्याच दिवशी वहीत उतरवून ठेवा. ‘वांचूनि’ म्हणजे शिवाय, ‘कीर’ म्हणजे खरोखर, ‘गोमटें’ म्हणजे चांगले, ‘नेणे’ म्हणजे जाणत नाही, ‘मा’ म्हणजे मग, ‘आघवें’ म्हणजे सगळे, आणि ‘चि’ म्हणजे आपला आजचा ‘च’. या ‘चि’वर पेन्सिलने खूण करीत चला. अनन्यतेचा सगळा भार पुष्कळदा त्या एका अक्षरावर असतो.

त्यानंतर दृष्टांत. ज्ञानेश्वरीत विचार दृष्टांतांतून पुढे सरकतो. त्यांना नक्षी समजून ओलांडले तर हाती काही लागत नाही. प्रत्येक दृष्टांताला तीन प्रश्न विचारा : यातले काय कशाच्या जागी आहे? त्यात कोण काय करते आणि कोण काहीच करत नाही? आणि आधीच्या दृष्टांतात न बसलेले असे काय राहिले होते, म्हणून हा नवा आणला? तिसरा प्रश्न सगळ्यात फलदायी. महाराज एकापुढे एक चार दृष्टांत देतात, तेव्हा प्रत्येक पुढचा आधीच्याची उणीव भरून काढत असतो.

वाच्यार्थ आधी, लक्ष्यार्थ मग

वाच्यार्थ म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ; तो सोडून सुचवलेला लक्ष्यार्थ घेणे ही लक्षणा. शास्त्रात लक्षणेचे जुने उदाहरण आहे : ‘गंगेवर गवळीवाडा आहे.’ पाण्याच्या प्रवाहावर वाडा कसा असेल? शब्दशः अर्थ अडला, म्हणून ‘गंगेच्या काठावर’ असा लक्ष्यार्थ घ्यायचा. शब्दाचा सरळ अर्थ जिथे अडतो तिथेच आतल्या अर्थाकडे वळायचे, हा नियम यातून पक्का लक्षात ठेवावा. सरळ अर्थ लागत असताना प्रतीके शोधत बसलात तर ग्रंथ बाजूला राहतो आणि तुमचीच कल्पना बोलू लागते. कुरुक्षेत्र म्हणजे देह, घोडे म्हणजे इंद्रिये असे तक्ते करणे सोपे असते. त्या तक्त्यातून वाचणाऱ्याचे काहीच बदलत नाही, म्हणून आम्ही त्याला अंतरार्थ म्हणत नाही.

पहिला श्लोक : ९.२२

‘अनन्याश्चिन्तयन्तो मां ये जनाः पर्युपासते । तेषां नित्याभियुक्तानां योगक्षेमं वहाम्यहम् ॥’

सरळ अर्थ : जे अनन्य होऊन माझे चिंतन करीत मला उपासतात, त्या नित्य जडलेल्यांचा योगक्षेम मी वाहतो. आधी ‘अनन्य’चे थर वेगळे करा. नारदभक्तिसूत्रात अनन्यता म्हणजे इतर आश्रयांचा त्याग. रामानुजाचार्य याच श्लोकावर ‘अनन्यप्रयोजन’ म्हणतात : भगवंताच्या चिंतनाखेरीज दुसरा हेतूच नाही असे भक्त. शंकराचार्य ‘अपृथग्भूत’ म्हणतात, म्हणजे वेगळे न उरलेले. आधार एक, हेतू एक, आणि शेवटी स्वरूप एक. वहीत या तीन ओळी एकाखाली एक लिहा आणि दोन आठवडे तेच पान उघडे ठेवा. हे तीन आचार्यांचे भांडण म्हणून वाचू नका. नवख्याला त्या तीन पायऱ्या म्हणूनच उपयोगी पडतात.

मग या श्लोकावरच्या ओव्या (नवव्या अध्यायातल्या ३३५ व्या ओवीपासून). पहिल्याच ओवीत महाराज गर्भाचा दृष्टांत देतात :

‘जे सर्वभावेंसीं उखितें । जे वोपिले मज चित्तें । जैसा गर्भगोळु उद्यमातें । कोणाही नेणे ॥’

‘उखितें’ म्हणजे अवघे, काही मागे न ठेवता. ‘वोपिले’ म्हणजे सोपवले, आपले ओपणे. आता तीन प्रश्न लावा. गर्भाच्या जागी भक्त, आईच्या जागी देव. गर्भ कोणताही उद्योग जाणत नाही. श्वास, अन्न, ऊब सारे आईकडून. इथे थांबून पाहा : गर्भाला आई दिसत नाही. तो तिची आठवण काढत नाही, तिला हाक मारत नाही. तरी त्याचे सगळे तिच्यातच आहे. ‘दुसऱ्या आईकडे न जाणे’ हा प्रश्न गर्भाला पडूच शकत नाही, कारण त्याला दुसरेपण ठाऊकच नाही. वाच्यार्थ इथे आपोआप आत उघडतो.

पुढे पक्षिणी येते, जी पंख न फुटलेल्या पिलांच्या जिवाने जगते, आणि मग तान्ह्याची माउली. लक्ष द्या : गर्भाच्या दृष्टांतात भक्ताची बाजू दिसली, पण आईचे करणे दिसले नव्हते. ती उणीव पक्षिणी भरून काढते.

‘योगक्षेम’ शब्दावर नवखे हमखास अडखळतात. योग म्हणजे नसलेले मिळणे, क्षेम म्हणजे असलेले राखणे. याला संसाराच्या अडचणींवरची हमी समजले की पहिल्या संकटात श्रद्धा डळमळते. ओव्या पुढे वाचा. सायुज्याची, म्हणजे देवाशी एकरूप होण्याची, चाड असेल तर सायुज्य, सेवा मागितली तर प्रेम, असा तिथला देण्याचा क्रम आहे. जे मागणे भक्ताच्या मनात उरले असेल तेच मिळते. म्हणून तिथे स्वतःला विचारायचे : माझ्या मनात मागणे कोणते?

९.२३ : दुसऱ्यांच्या देवांचे काय?

इतर देवतांचे भक्तही श्रद्धेने ‘मामेव’, मलाच पूजतात, पण ‘अविधिपूर्वकम्’, म्हणजे योग्य विधीने नव्हे, असे हा श्लोक सांगतो. महाराज झाडाचा दृष्टांत देतात : फांद्या-पाने एकाच बीजाची, तरी पाणी मुळाशीच घालावे लागते. शिवाय दहा इंद्रिये एकाच देहाची, म्हणून रांधलेला रस कानात भरायचा का? फुले डोळ्यांना बांधायची का?

हा श्लोक इतरांना नावे ठेवायला वापरला जातो, तो दुरुपयोग आहे. ज्ञानेश्वरीचा आरंभ पाहा : गणेशाचे रूपक, मग शारदा, मग श्रीगुरू. त्याच ग्रंथात हा श्लोक येतो, आणि त्यात तसूभर विसंगती नाही, कारण महाराज त्या सगळ्यांत मूळच पाहत आहेत. हा आठवडा स्वतःच्या पूजेकडे बघण्यात घालवा. आपण पाणी कुठे घालतो? देवाला हात जोडताना मनात निकाल, पैसा, मान यांपैकी जे असेल ते त्या क्षणीचे आपले दैवत. दिवसातून तीनदा, दोन-दोन मिनिटे एवढेच तपासा : आत्ता ‘अन्य’ कोण आहे? उत्तर एका शब्दात वहीत लिहा. सुशोभित करू नका. आठव्या दिवशी ती यादी वाचली की कळते, की बहुतेक शब्द ‘मी’च्याच भोवती फिरत आहेत.

११.५४ : पाऊस आणि गंगा

‘ज्ञातुं द्रष्टुं च तत्त्वेन प्रवेष्टुं च’, म्हणजे जाणणे, पाहणे, प्रवेश करणे. हा क्रम लक्षात असू द्या. जाणणारा बाहेर राहू शकतो, पाहणाराही बाहेर राहू शकतो. प्रवेश करणाऱ्याला बाहेर राहता येत नाही.

‘तरी तेचि भक्ति ऐसी । पर्जन्याची सुटिका जैसी । धरावांचूनि अनारिसी । गतीचि नेणें ॥’

ढगातून सुटलेल्या धारेला जमिनीखेरीज दुसरी गती ठाऊक नाही. तिथे निग्रह नाही, दात-ओठ खाणे नाही. अनन्यता म्हणजे मनाला बळेच बांधणे असे समजून बसलेल्यांनी हा दृष्टांत आठवडाभर घोळवावा. पण धार जमिनीवर पडली तरी पाणी आणि माती वेगळीच राहतात. म्हणून लगेच पुढच्या ओवीत गंगा येते, जी समुद्राला ‘मिळालीचि मिळे’. त्यानंतर क्षीरसागर : तो काठावर दूध आणि मध्येही दूधच. काठावर उभा असलेला साधक आणि मध्यावरचा सिद्ध यांच्यात दुधाचा फरक नाही. नवख्याला धीर देणारी यापेक्षा चांगली ओवी आम्हाला ठाऊक नाही.

१३.१० वर फार रेंगाळायला नको, एकच गोष्ट टिपा. ‘अव्यभिचारिणी’ (इकडेतिकडे न ढळणारी) भक्ती इथे ज्ञानाच्या लक्षणांत मोजली आहे, म्हणजे भक्ती आणि ज्ञान अशी दोन दुकाने मांडायला जागा उरत नाही. ‘मिळोनि मिळतचि असे । समुद्रीं गंगाजळ जैसें । मी होऊनि मज तैसें । सर्वस्वें भजती ॥’ यातला ‘मिळतचि असे’ अधोरेखित करा. मिळून झाल्यावरही मिळणे थांबत नाही. ऐक्य झाले तरी भजन सरत नाही. शेवटच्या श्लोकात हाच धागा लागणार आहे.

१८.६६ : इथे घाई नको

‘सर्वधर्मान्परित्यज्य मामेकं शरणं व्रज.’ सरळ अर्थ लावून पाहा : सगळे धर्म टाक. आता त्याच अध्यायातला ४८ वा श्लोक उघडा : सहज कर्म सदोष असले तरी टाकू नये. गवळीवाडा गंगेत बुडाला! शब्दार्थ अडला, म्हणजे आत वळण्याची हीच जागा. महाराज म्हणतात, धर्म-अधर्माचे टवाळ, म्हणजे खोटा भास, दाखवणारे मूळ अज्ञान टाक, म्हणजे सगळे धर्मजात टाकल्यासारखे झाले. दोर हाती आला की साप सोडावा लागत नाही, तो उरतच नाही.

मग शरण येण्याची व्याख्या (अठराव्या अध्यायातली ओवी १३९८) :

‘पैं आपुलेनि भेदेंविण । माझें जाणिजे जें एकपण । तयाचि नांव शरण । मज येणें गा ॥’

ही ओवी पाठ करा. ‘आपुलेनि भेदेंविण’, आपला वेगळेपणा न ठेवता. लगेच दृष्टांत : घट फुटल्यावर आकाशात आकाश शिरते, सोन्याचा मणी सोन्याला शरण येतो, लाट पाण्याला. सोन्याचा मणी डोळ्यांसमोर धरा. तो सोन्याकडे जाणार म्हणजे किती पावले चालणार? एकही नाही. त्याने आकार मोडायचा का? तेही नाही. तो मणी म्हणून हारात राहील आणि सोनेही असेल. लाटेचे तसेच : ती उठत राहते, तरी पाण्याबाहेर गेलेली नाही.

आणि आता उलटा दृष्टांत, ज्याला अनेक वाचक वळसा घालून जातात :

‘वांचूनि सागराच्या पोटीं । वडवानळु शरण आला किरीटी । जाळूनि ठाके तया गोठी । वाळूनि दे पां ॥’

वडवानळ म्हणजे समुद्रातला अग्नी. तो समुद्राच्या पोटातच आहे, चहूकडून पाण्याने वेढलेला, आणि तरी जळतोच आहे. देवळात रोज जाणारा, नाम घेणारा, व्रते पाळणारा माणूसही असा असू शकतो. सगळे पाणी भोवती, आत ‘मी’ धगधगतोच. महाराज म्हणतात, ती गोष्टच वाळीत टाक. पुढची ओवी तर सरळ विचारते, की मला शरण रिघायचे आणि जीवपणानेच राहायचे, असे बोलताना बुद्धीला लाज कशी वाटत नाही! दोन आठवड्यांपैकी निदान तीन दिवस वडवानळाला द्या.

कुठे बिघडते

अर्थ लागला असे वाटले की चार कसोट्या लावा. श्लोकाच्या व्याकरणाला तो धक्का देतो का? आधीच्या आणि नंतरच्या दोन-दोन श्लोकांशी जुळतो का? बाहेरची उपासना त्याने उभी राहते की मोडते? आणि तो काहीतरी माझ्याकडून मागतो, की दुसऱ्यांना दोष देतो? चौथ्या कसोटीवर पडलेला अर्थ निःसंकोच खोडा.

‘मीच देव’ असा ताठा येणे ही मोठी घसरण. त्यावर उतारा त्याच ठिकाणी आहे : ‘म्हणौनि मी होऊनि मातें । सेवणें आहे आयितें.’ ‘मी होऊनि’ इतकेच धरले आणि ‘सेवणें’ सुटले, तर समजावे की ओवी अर्धीच वाचली. दुसरी घसरण कर्तव्य टाकण्याची. अर्जुनाने १८.६६ ऐकले आणि ७३ व्या श्लोकात काय म्हणाला? ‘करिष्ये वचनं तव’, आणि उठून समोरचे काम हाती घेतले. ज्याच्या वाचनानंतर घरची माणसे उघडी पडतात, त्याने पुन्हा ९.२२ पासून सुरुवात करावी.

मध्येच कोरडेपणा येतो, बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. नवेपण ओसरलेले असते आणि अनुभव म्हणावे असे काही हाती नसते. त्या दिवसांत शब्दार्थ बाजूला ठेवा आणि जुन्याच ओव्या नुसत्या मोठ्याने म्हणा. पुढच्या ओव्यांकडे धावू नका. पहिल्या अध्यायात श्रोत्यांना सांगितले आहे, की चकोराची पिले चंद्रकळेतले अमृतकण वेचतात तसे चित्त हळुवार करून हे अनुभवावे, ‘बोलाआधि झोंबिजे प्रमेयासी’. शब्दांच्या आधी आशयाला भिडायचे, ते हळुवारपणाने. तिथे ओरबाडणे नाही.

दर पंधरा दिवसांनी वही एखाद्या जाणत्या कीर्तनकाराला, प्रवचनकाराला किंवा मुरलेल्या वारकऱ्याला दाखवा. ‘माझा अर्थ बरोबर का?’ असे विचारू नका. ‘ही ओवी तुम्ही कशी लावता?’ असे विचारा. उत्तर अधिक मोकळे मिळते.

सात आठवड्यांनंतर

१८.५५ वरच्या ओव्या घ्या, विशेषतः ‘अद्वैतीं भक्ति आहे । हें अनुभवाचिजोगें नव्हे । बोलाऐसें’ ही (ओवी ११५१ च्या आसपास). त्यानंतर महाराजांच्याच अमृतानुभव या ग्रंथाच्या नवव्या प्रकरणात जा. तिथे एक ओवी आहे :

‘देव देऊळ परिवारू । कीजे कोरूनि डोंगरू । तैसा भक्तीचा व्यवहारू । कां न व्हावा ॥’

ही ओवी वाचण्याआधी जमले तर वेरूळच्या कैलास लेण्यात तासभर बसा. कळस, खांब, हत्ती, गाभारा सगळे एकाच डोंगरातून वरून खाली कोरत आणलेले. हात खांबावर ठेवा, मग भिंतीवर, मग पायाखालच्या खडकावर. कुठेही सांधा लागत नाही. परत आल्यावर वहीच्या नव्या पानावर ही ओवी लिहा आणि वर ९.२२ ची तारीख घालून पहिल्यापासून सुरू करा.